भांडण पेटलं की दाजी झोपतात

आमच्या दाजींइतका भांडणात निरुपयोगी माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो आरडाओरडा सुरू होताच दाजींच्या खांद्यावर मान टाकून झोपलेला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगानं उंचपुरे, छाती रुंद, मिशा अशा की नुसते दारात उभे राहिले तरी समोरच्यानं आवाज खाली आणावा. पण समोरच्यानं आवाज वर नेला, की आधी त्यांना एक जांभई येते. मग दुसरी येते, डोळ्यांत पाणी तरळतं, हात गार पडतात आणि हा एवढा थोरला देह बसल्या जागी डाव्या बाजूला कलतो. मी आयुष्यभर शाळेत खेळाची शिक्षिका होते. माझ्या शिट्टीनं मैदानाच्या पलीकडचं पोरगं जागच्या जागी थांबायचं. त्या शिट्टीला भीक न घालणारा एकच प्राणी मला भेटला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. या माणसाचा मला मनापासून राग आहे आणि तो मी आज मोकळेपणानं सांगणार आहे.

ताईनं संसारात काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. नवराबायकोचं भांडण व्हायचं तर दोघांनी भांडावं लागतं, एवढी साधी गोष्ट आहे. ताईनं नव्या संसारात पहिल्यांदा तोंड उघडलं, ते दाजींनी न विचारता पाहुणे जेवायला आणले म्हणून. ती बोलत होती आणि दाजी जेवत होते. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवलेला हात तिथंच थांबलाय आणि डोळे मिटलेत. ती घाबरून रडायला लागली, तिला वाटलं नवरा गेला. रडू ऐकून दाजी जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं गं? कुणी काय बोललं का तुला?" तेव्हापासून ताईनं मनातला राग भांड्यांवर काढायला सुरुवात केली. तिच्या घरात पोचे न पडलेलं एकही पातेलं नाही. आणि एक गोष्ट ती नेहमी सांगायची, ती मला तेव्हा बिनमहत्त्वाची वाटली. रात्री दाजी असे घोरतात की भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडानं एकदा तक्रार केली होती, पण भांडणातल्या झोपेत मात्र ते अजिबात घोरत नाहीत. तेव्हा ते अगदी गप्प असतात आणि श्वाससुद्धा चोरून घेतात.

आमच्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय असतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. नळ कधी येईल याचा भरवसा नाही आणि आला की सारी कॉलनी पाइप घेऊन धावते. ताईच्या शेजारच्यानं थेट नळाला मोटर लावली, त्यामुळे ताईच्या हौदात थेंब पडेना. मी नेमकी तिथंच होते. मी म्हटलं, दाजी, चला, नुसते माझ्या मागं उभे राहा, बोलायचं मी बघते. मी शेजाऱ्याच्या फाटकाशी जाऊन त्याची जी खरडपट्टी काढायची ती काढली, त्यानंही आवाज चढवला, आणि जोर आणण्यासाठी मी म्हणाले, "विचारा यांना!" मागं वळून बघते तर आमचे साक्षीदार फाटकाच्या खांबाला टेकून झोपलेले. शेजारी म्हणाला, "बाई, आधी तुमच्या माणसाला घरी न्या. उन्हानं चक्कर आली वाटतं." शेवटी त्यानंच दाजींना पाणी आणून दिलं, आमच्या वाटचं. रागानं माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आता कुणालाही वाटेल की असल्या माणसाला जगानं ओवाळून टाकलं असेल. तसं झालं असतं तर मला समाधान तरी मिळालं असतं. झालं उलटंच. दाजी नोकरीला होते मोजणी खात्यात. म्हणजे शेतं मोजून हद्दी दाखवायच्या. फुलंब्री, सिल्लोड, कन्नड, जिथं बांधावरून भाऊ भावाच्या जिवावर उठलेला, तिथं दाजी जाणार. दोन्हीकडची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी, शिव्यांचा पाऊस, आणि साहेब कडुनिंबाखाली डोळे मिटून बसलेले. कुणी विचारलं, साहेब, तुम्हीच सांगा कोण खरं, तर साहेब हूं नाही की चूं नाही. भांडून भांडून माणसं दमायची, त्यांची त्यांनाच लाज वाटायची, आणि घसे बसले की ती आपापसांत मधली वाट काढायची. गलका थांबला की दाजी डोळे उघडायचे, मोजणी करायचे आणि खुणेचे दगड रोवून घरी यायचे. गावोगाव बोलबाला झाला की मोजणीसाहेब कुणाची बाजू घेत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, देवमाणूस! कुणाचं ऐकत नाहीत हे अक्षरशः खरं होतं, पण ते कुणाला सांगावं?

निवृत्त झाल्यावर तर कहर झाला. सोयरिकीतला तंटा असो की भावाभावांची वाटणी, बैठक म्हटली की पहिलं नाव साहेबांचं. पंच म्हणून त्यांना मधोमध गादीवर, लोडाला टेकवून बसवायचे. मी एका बैठकीला हजर होते. दोन चुलतभाऊ विहिरीवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा दाजींची मान खाली गेली. एक म्हातारा कळवळून म्हणाला, "बघा रे, साहेबाला ऐकवंना तुमचं! मान खाली घातली त्यांनी शरमेनं!" दोघं भाऊ चक्क रडले आणि गळ्यात पडले. परत येताना मी दाजींना विचारलं, काय निवाडा केलात? तर हातातला शेला-नारळ चाचपत म्हणाले, "मिटलं म्हणं त्यांचं. बरं झालं." या माणसाला लोक शेले देतात! मी ज्या शाळेत घसा फोडून पोरं घडवली तिथं निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही बंद पडलेलं.

हसण्यावारी न्यायचे दिवस संपले ते वर्षा माहेरी आली तेव्हा. वर्षा ही दाजींची एकुलती एक मुलगी, माझी भाची. शिवणकामात तिचा हात असा की नवरीचे ब्लाउज लोक तिच्याकडून शिवून घ्यायचे. तिला दिली होती देवगाव रंगारीकडच्या एका घरात. तिथं आधी तिचं बाहेरचं शिवण बंद केलं, मग मोबाइल काढून घेतला, मग शिलाई मशीन खोलीत घालून कुलूप लावलं, आणि तिनं किल्ली मागितली तेव्हा नवऱ्यानं हात उचलला. ती एका पिशवीनिशी आली आणि आईला म्हणाली, "मी परत जाणार नाही." नुसतं हे लिहितानाही माझ्या मुठी वळतात. चारच दिवसांत सासरचा निरोप आला, "बैठक घेऊ, पण इथं आमच्या गावात, पोरीला संगं घेऊन या." आणि पंच कोण? तर साहेबच. मुलीच्या बापालाच पंच करणारं हे कुठलं दानशूर घराणं, असं आमच्या नातेवाइकांना वाटलं. मला त्यातली मेख लगेच कळली. वर्षाचे चुलतसासरे, ज्यांना सारे तात्या म्हणायचे, त्यांनी आपल्या आयुष्यात बऱ्याच बैठका बघितल्या होत्या. साहेब बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. साहेब गप्प बसले म्हणजे त्यांना मान्य आहे, असं म्हणायचं आणि पोरगी तिथंच ठेवून घ्यायची.

"जायचंच नाही," मी म्हणाले. पण वर्षाला तिचं मशीन हवं होतं. आणि ताई म्हणाली, एकदा सगळ्यांसमोर मोकळं होऊ, नाहीतर ही माणसं रोज दारात येतील. मग मी दाजींकडे मोर्चा वळवला. म्हटलं, तुमच्या पोटच्या पोरीवर हात उचललाय, एकदा तरी रक्त उसळू द्या! माझा आवाज जरा लागला असेल. दाजींना जांभई आली. मी नोकरी संपली तरी गळ्यात राहिलेली शिट्टी त्यांच्या कानाशी फुंकली, तर जे अर्धे जागे होते तेही झोपले.

त्यांना मी तशीच हाताला धरून कॉलनीतल्या डॉक्टर नसरीनबाईंकडे घेऊन गेले. साखर, रक्तदाब, थायरॉइड, सगळं तपासलं आणि सगळं ठणठणीत निघालं. मी म्हटलं, मग ढोंगच ना हे? नसरीनबाई हसल्या. "ढोंग नाही, मॅडम. धोका दिसला की शरीर आपल्याला पूछता नहीं. तुमचं शरीर म्हणतं, तुटून पडा. माझे मियाँ आहेत, घरात भांडण झालं की चप्पल घालून सीधे चौकात. आणि साहेबांचं शरीर म्हणतं, पडून राहा, हिलो मत, जीव वाचेल. घरातला मेन स्विच पडतो ना, तसं. डोकं विचार करेपर्यंत नसांनी फैसला करून टाकलेला असतो." आता मज्जासंस्था मी शाळेत बदली तासाला पोरांकडून घोकून घेतली आहे. मेंदू, मेरुरज्जू, चेतातंतू. ती मज्जासंस्था असे उद्योग करते हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि माझ्या रागाला या दोघांच्या पंक्तीत बसवणं मला मुळीच पटलं नाही. मी रागावते ती अन्याय बघून. तसं मी बोलूनही दाखवलं, जरा मोठ्यानंच, आणि नसरीनबाईंनी नुसतं बोटानं दाखवलं. दाजींची मान खुर्चीतच कलली होती.

ते जागे झाल्यावर नसरीनबाईंनी त्यांना हळू आवाजात विचारलं, कधीपासून असं होतं? दाजींनी टोपीची कड चाचपली. मग म्हणाले, "झोप नसती ती, डॉक्टरीणबाई. ऐकू येतं समदं. पण आवाज लांबून येतो, विहिरीतून आल्यावानी. हातपाय माझे राहत नाय." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ताईनंही कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील तापट. शेतातून घरी आले की कशावरूनही हात चालायचा. दारात त्यांच्या वहाणा वाजल्या की आई या पोराला गोधडीत घालायची आणि दाराशी उभी राहून म्हणायची, "झोपलंय ते. झोपलेल्या लेकराला मारू नये." वडिलांनी आणखी काही पाळलं नाही, पण एवढं पाळलं. "मंग मार तिला बसायचा," दाजी म्हणाले. "मी गोधडीतून ऐकायचो." मला रागच आला होता, पण तो नेमका कुणाचा ते ठरवता येईना, आणि ज्याच्यावर काढावा तो म्हातारा कधीच मरून गेला होता.

नसरीनबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बसून राहू नका, उभं राहा, टाचा जमिनीत दाबा, गार पाण्याचा घोट घ्या, शरीराला कळू द्या की आपण आता गोधडीतलं लेकरू नाही. आणि दुसरी मला सांगितली. "मॅडम, बैठकीत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही ओरडलात की पहले ये सोएंगे."

उभं राहणं हा तर माझाच विषय. रोज सकाळी ताईच्या अंगणात मी दाजींना उभं करू लागले. पाय खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा घट्ट, नजर समोर. ताईनं समोरून भांडायचं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं असूनही ताईला ऐन वेळी विषय सुचेना. "तुम्ही... तुम्ही मेथी निवडत नाही!" ती ओरडली. दाजींना जांभई आली. पुढच्या दिवशी तिला पाहुणे आठवले, ते पिठलं आठवलं, आणि ती खरंच बोलू लागली. दाजी उभ्या उभ्या शेवग्याच्या झाडाला टेकले आणि गेले. वर्षा हसत हसत पुढं झाली, त्यांच्या हातावर तांब्यातलं पाणी घातलं आणि म्हणाली, "पप्पा, टाच." त्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच टाच दाबली. आठवडाभरात प्रगती म्हणाल तर पडायच्या आधी ते भिंत शोधायला शिकले. माझ्या हाताखाली इतकं मठ्ठ पोरगं कधी आलं नव्हतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, पण तुमची शिट्टी आता लांब नाय वाजत. जवळ वाजती."

बैठकीला आम्ही जीप करून गेलो. ओसरीत सतरंज्या, मधोमध गादी आणि लोड. तात्यांनी दाजींना दंडाला धरून गादीवर बसवलं. उभं राहू द्या म्हणायची सोय नव्हती, पंचानं उभं राहायचं म्हणजे यजमानांचा अपमान. वर्षा आणि ताई माजघराच्या दारात. मी पुरुषांत जाऊन बसले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. मग सुरू झालं. पोरीला वळण नाही, पोरीला शिवणाचा नाद, नवऱ्यानं एक चापट मारली तर बोभाटा, आमच्या घरातल्या बायकांनी काय कमी चापटा खाल्ल्यात? माझ्या तोंडात शब्दांची रांग लागली होती. मी पदराचं टोक दातांत धरलं आणि ते पार चावून टाकलं. इकडे जावई गुडघ्यावर उठून ओरडायला लागला आणि दाजींना पहिली जांभई आली. दुसरी आली. मान डावीकडे कलली. तात्या याचीच वाट बघत होते. हात जोडून म्हणाले, "झालं मंग. साहेब गप हायेत, म्हंजे साहेबाला मान्य. साहेबाचा निवाडा आजवर कुणी मोडला नाय. सूनबाई, पिशवी आत ठेवा."

वर्षानं पिशवी ठेवली नाही. ती दारातून ओसरीत आली, सगळ्या पुरुषांमधून, हातात पाण्याचा तांब्या. बापाच्या हातावर पाणी घातलं आणि अगदी हळू म्हणाली, "पप्पा, टाच."

मग दाजींचा हात लोडावर आला. मग ओसरीचा खांब धरून ते उठायला लागले. चेहरा पांढराफटक, डोळे अर्धे मिटलेले. पण उठले. टाचा दाबून, पाय खांद्यांइतक्या अंतरावर, नजर समोर.

"मी पंच नाय," दाजी म्हणाले. आवाज खरोखरच विहिरीतून आल्यासारखा होता. "मी पोरीचा बाप हाय. पोरगी माझ्यासंगं येईल. मशीन बी येईल."

"साहेब, तुम्ही आजवर कुणाची बाजू..."

"मी आजवर कोणताच निवाडा केला नाय, तात्या. तुम्ही वरडायचे, मला भ्या वाटायचं. मी झोपायचो. पोरगी माझ्यासंगं येईल."

मागच्या रांगेतून एक म्हातारा घाबऱ्या घाबऱ्या उठला. "आँ? मंग आमचा बांध?"

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. जावई पुन्हा ओरडला, तात्या समजुतीच्या सुरात बोलले, आणि दाजी प्रत्येक वेळी तेच एक वाक्य बोलत राहिले, पोरगी माझ्यासंगं येईल. दुसरं काही त्यांना सुचतच नव्हतं. अशा माणसाशी भांडता येत नाही, हे ताईला फार पूर्वीच कळलं होतं, आता तात्यांनाही कळलं. शेवटी सासूनंच कमरेची किल्ली काढून ओसरीत टाकली. मशीन मी उचललं. माझ्या दंडात अजून तेवढी ताकद आहे, आणि कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी घालण्यापासून हात गुंतलेले राहिले तेच बरं झालं.

जीप निघाली. वेरूळ मागं पडलं. दाजी मागच्या बाकावर ताई आणि वर्षा यांच्या मधे बसले होते, पायांशी मशीन. ताईनं त्यांचा एक हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता, आणि तिला तो धरताना मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. खुलताबादच्या उताराला त्यांची मान वर्षाच्या खांद्यावर कलली. आता कसलं भांडण? आता कशाला? सवयीनं माझा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

"मावशी, नको," वर्षा कुजबुजली. "ऐक ना."

मी ऐकलं. आधी जरा घरघर झाली, मग एक लांबलचक शीळ, आणि मग सगळी जीप हादरवणारं ते घोरणं सुरू झालं, जे भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडानं ऐकलं होतं. ड्रायव्हरनं दचकून आरशात पाहिलं. ताईनं पदराचं टोक त्यांच्या छातीवर पांघरलं आणि खिडकीबाहेर बघत रडत राहिली.

वर्षा आता ताईच्याच घरी समोरच्या खोलीत शिवते, आणि दाजींना बैठकीला कुणी बोलावत नाही. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटतं, शेले यायचे बंद झाले म्हणून. भांडणात ते अजूनही झोपतात, पण आधी भिंत शोधून टाच दाबतात. मी अजून त्यांच्यावर रागावते. पण दुपारी त्यांच्याकडे गेले आणि आतून ते घोरणं ऐकू आलं, की चपला मी पायरीवर हातानं काढून ठेवते. चपलांचा आवाज होऊ देत नाही.